अंबूताईनं आपला आवाज दिला नाही

आमच्या नामदेव शिंप्यांच्या घरांत मुलींनी मोठ्यानं हसू नये असं सांगत. अंबूताई मोठ्यानं हसायचीच, वर तिकीट लावून दुसऱ्यांनाही हसवायची. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नात्यानं आत्या, पण अख्खी गल्ली तिला अंबूताई म्हणे, म्हणून आम्हीही तेच म्हणत असू. इथं जे सांगते आहे ते बरंचसं तिच्या तोंडून ऐकलेलं, थोडं वडिलांच्या. ती सांगताना वाढवून सांगायची का, असं लोक मला विचारतात. वाढवत असेलही. पण वडील वाढवणारे नव्हते, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नसे.

माझे आजोबा निवृत्ती म्हैसूरला नजरबादमध्ये शिवणकाम करत. अंबूताईचं लग्न लहानपणीच हासनला झालं होतं. नवरा वाईट नव्हता, मारझोड नव्हती, उपास घडत नव्हते. पण पंचमीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. आजीनं, म्हणजे कुसुमबाईनं, खोदून खोदून कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, त्या घरात जेवताना कुणी बोलतच नाही. सुम्ने, गुपचूप, खाली मान घालून भात गिळतात. मी एकदा काही बोलले, तर सासरा ताटावरनं उठून गेला."

"एवढ्यासाठी कुणी सासर सोडतं काय गं?"

"मी सोडलं," अंबूताई म्हणाली आणि काजं करायला बसली.

सासरचे दोनदा न्यायला आले. दोन्ही वेळा ती त्यांच्याशी चांगली बोलली, चहा दिला, आणि गेली नाही.

तेव्हा दसऱ्याच्या सुमाराला एक नाटक कंपनी म्हैसूरला मुक्काम टाकायची. तिचे पोशाख आजोबा शिवत. राजाचा अंगरखा, राक्षसाचा पायघोळ झगा, सगळं त्यांच्याच मशीनवर होई. ते मापं घ्यायला तंबूत जात तेव्हा अंबूताई सोबत जायची. गंभीर नाटकात दोन अंकांच्या मध्ये एक फार्स असे. पडद्यामागं सामान बदलेपर्यंत पुढं एक जोडी उभी राहून लोकांना हसवायची: भांडणारे नवराबायको, नाहीतर मालक आणि मोलकरीण. त्यातला पुरुष म्हणजे भीमसेन. नाव भीमसेन आणि अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी. तो रंगमंचावर येऊन नुसतं स्वतःचं नाव सांगायचा, तेवढ्यावरच पहिला हशा व्हायचा. बाईचं काम एक पुरुष नट करत असे.

त्या वर्षी, स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील, तो नट कंपनीच्या मालकाशी भांडून हंगामाच्या मध्येच निघून गेला. त्याच दिवशी आजोबा त्याचा नवा ब्लाऊज घेऊन तंबूत पोचले. मालक डोकं धरून बसलेला. भीमसेन मात्र अंबूताईकडं बघत होता. येता-जाता तो तिची चेष्टा करायचा आणि ती दरवेळी उलट उत्तर द्यायची, हे त्याला ठाऊक होतं.

"या अक्काला उभी करा," तो म्हणाला. "ही घरी जे बोलते तेच इथं बोलू दे."

मालक आजोबांकडं बघायला लागला. आजोबांच्या ओठांत टाचण्या होत्या. ते कमी बोलणारे. लोकांना वाटलं आता ते मुलीला घेऊन चालते होतील. त्यांनी एकेक टाचणी काढून उशीला टोचली आणि म्हणाले, "ब्लाऊज तिला सैल होईल. टाके घालून देतो."

अंबूताई म्हणे, "अप्पांनी मला जन्मात एकदाच परवानगी दिली, तीही मापाच्या भाषेत."

पहिल्या रात्री ती घाबरली. कन्नड तिला चांगलं येत होतं, रस्त्यावर, बाजारात तेच तर बोलायची. पण दिव्यांसमोर उभी राहिली आणि डोकं घरच्या मराठीवर जाऊन अडकलं. भीमसेननं नवऱ्याच्या तोऱ्यात दटावलं, "केळु!" कन्नडमध्ये केळु म्हणजे ऐक. अंबूताईला ऐकू आलं ते मराठीतलं केळं. मागं पूजेचं ताट मांडलं होतं. तिनं त्यातलं एक केळं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

मग मागच्या बाजूला, जिथं आमचे शिंपी आणि रंगारी भावसार बसले होते, तिथून हशा फुटला. म्हैसूरच्या बाकीच्या लोकांनाही आमची भाषा कानावरून माहीत होती, त्यामुळं तो पुढं पसरत आला. भीमसेन मुरलेला नट. त्यानं केळ्याकडं पाहिलं आणि वैतागून विचारलं, "इदु बाळे?" म्हणजे, हे तर केळं. कन्नडमध्ये केळ्याला बाळे म्हणतात. आणि अंबूताई, आता भीती गेलेली, पदर खोचून म्हणाली, "बाळ? कुणाचं बाळ? खरं सांगा, कुणाचं?"

त्या रात्री पुढचा अंक सुरू व्हायला बराच वेळ लागला. लोक थांबेनात.

असा तो फार्स अपघातानं जन्मला. मग दोघांनी त्यात आणखी घातलं. कन्नडमध्ये हौदु म्हणजे हो. तो हौदु म्हणाला की ती घागर घेऊन हौद शोधायला निघायची. कन्नडमध्ये बा म्हणजे ये. तो "बा, बा" म्हणून बोलवायचा आणि ती म्हणायची, "मी तुमची बायको, मला बा कसं म्हणता? बा तर तिकडं ब्लाऊज शिवतोय." एकाच घरात राहणारी दोन माणसं एकमेकांचं सगळं ऐकतात आणि काही म्हणजे काही कळत नाही, एवढीच गोष्ट. त्यात मारणं नव्हतं, अचकटविचकट नव्हतं. शेवटी दोघं दमून एका बाजेवर बसून ते केळं अर्धं-अर्धं खात.

आमच्या समाजात यावर गदारोळ झाला. विठ्ठलमंदिराची व्यवस्था बघणारे येसाजीराव घरी आले आणि आजोबांना म्हणाले, "निवृत्ती, तुझी लेक परक्या पुरुषाची बायको बनून नाचते. तिनं आता देवळात भजनाला बसू नये."

आजोबांनी काही म्हणायच्या आत अंबूताई आतून म्हणाली, "काका, मी नाचत नाही. केळं देते."

त्यानंतरच्या एकादशीला ती टाळ घेऊन देवळात गेली आणि बायकांच्या रांगेत नेहमीच्या जागी बसली. येसाजीराव उभे राहिले. "अंबू, ऊठ."

"मी विठोबाकडं आलेय, काका. तुम्हाला इथं बसायला अडचण होत असेल तर तुम्ही उठा."

बायकांतल्या दोघी-तिघी सरकून लांब बसल्या. पण भजन थांबलं नाही, कारण पखवाजवाला पुढं होता आणि मागं काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. येसाजीराव काही वेळ उभेच राहिले. मग बसले. पुढची अनेक वर्षं ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि अंबूताईनं एकही एकादशी चुकवली नाही. तिला बरं नसलं तरी जायची. "नाही गेले तर त्यांना वाटेल मी ऐकलं," म्हणायची.

पाच-सहा हंगाम जोडी गाजली. मग सत्यनारायण नावाचा एक निर्माता मद्रासहून म्हैसूरच्या स्टुडिओत एका पौराणिक चित्रपटाचं काम करायला आला आणि एका संध्याकाळी तंबूत येऊन बसला. खेळ संपल्यावर तो मागं आला. डोळे पुसत होता.

तरुणपणी तो मद्रासच्या थिएटरात मशीन चालवत असे. त्यानं दोघांना सांगितलं की बोलपट नवे होते तेव्हा अमेरिकेहून छोटे छोटे तुकडे येत. तिकडं नाटकघरांत गाणी, कसरती, जादू असे खेळ होत आणि त्यांत हसवणाऱ्या जोड्या असत. फिल्मला आवाज मिळाला तसे कंपन्यांनी या जोड्या उचलल्या आणि जशाच्या तशा कॅमेऱ्यासमोर उभ्या केल्या. एक दार, एक टेबल, दोन माणसं. एक जण शहाणा, एक जण वेडा, आणि दोघं बोलत सुटायची. मोठ्या चित्रपटाच्या आधी ते दाखवत.

"इंग्रजी मला तेव्हा अर्धंही कळत नव्हतं," सत्यनारायण म्हणाला. "पण त्यांचा आवाज ऐकून मी मशीनशेजारी हसत बसायचो. शब्द कळले नाहीत तरी दोन माणसांचं जमलंय की नाही ते कळतं. तुमचं जमलंय. असे तुकडे मला आपल्याकडं काढायचेत. पहिला तुमचा."

अंबूताईनं एवढंच विचारलं, "जसं आहे तसं घेणार?"

"जसंच्या तसं, अम्मा."

स्टुडिओत एक बाज, एक दार आणि पूजेचं ताट मांडलं. प्रेक्षक नव्हते, त्यामुळं दोघांना पहिल्यांदा सूर सापडेना. कोणी हसलं नाही की पुढचं वाक्य कधी बोलायचं ते कळत नाही. वर माइक लटकलेला, तो भीमसेनच्या डोक्याला लागायचा. शेवटी अंबूताईनं सुतारांना, दिवेवाल्यांना, चहावाल्याला समोर आणून बसवलं आणि सांगितलं, "तोंड दाबून हसा. आवाज करू नका, पण आम्हाला दिसू दे." तोंडावर पंचे धरून ती माणसं गदगदत बसली आणि तुकडा पुरा झाला. तिचं सगळं मराठी-कन्नड जसं निघालं तसं ध्वनिपट्टीवर गेलं. सत्यनारायणनं स्वतः कानाला लावून ऐकलं आणि मान डोलवली.

काही महिन्यांनी बातमी आली. नजरबादजवळच्या थिएटरात मोठ्या चित्रपटाच्या आधी तो लागणार होता. आजोबांनी स्वतःच्या हातानं शिवलेला कोट घातला. कुसुमबाईनं थिएटर कधी पाहिलं नव्हतं, तीही निघाली. माझे वडील तेव्हा शाळेत होते. दुपारचा खेळ. बाहेर फळ्यावर लिहिलं होतं: भीमसेन आणि मंडळी.

"मंडळी म्हणजे कोण?" कुसुमबाईनं विचारलं.

"मी असेन," अंबूताई म्हणाली. तिला तिथंच काहीतरी खटकलं.

दिवे गेले. पडद्यावर बाज दिसली, दार दिसलं, आणि दारातून अंबूताई आली, ही मोठी, भिंतीएवढी. कुसुमबाईनं हात जोडले. मग पडद्यावरच्या अंबूताईनं तोंड उघडलं आणि आतून दुसऱ्याच बाईचा आवाज आला. गोड, बारीक, पुस्तकातल्यासारखं स्वच्छ कन्नड बोलणारा. एकही मराठी शब्द नाही. भीमसेनचा आवाज त्याचाच होता.

तो म्हणाला, "केळु." पडद्यावरची बाई त्या परक्या आवाजात नम्रपणे म्हणाली, "सांगा, ऐकते आहे." आणि मग हातात केळं दिलं.

का दिलं ते कुणाला कळेना. भीमसेन "इदु बाळे?" म्हणाला, त्यावर तो आवाज म्हणाला, "होय, खा," आणि पडद्यावरची अंबूताई मात्र पदर खोचून, डोळे मोठे करून त्याच्यावर धावून गेली. आवाज एकीकडं, ओठ एकीकडं. कोणी हसलं नाही. मागं एक जण जांभई देऊन म्हणाला, "मोठं चित्र केव्हा लावणार?"

वडील सांगत, अंबूताई शेजारी बसली होती आणि तिच्या खुर्चीचा हात करकरत होता, एवढ्या जोरानं तिनं तो धरला होता. कुसुमबाई कुजबुजली, "अंबू, हा तुझा आवाज नव्हे."

"नव्हे," अंबूताई म्हणाली आणि उठली.

ती मधल्या वाटेनं चालत गेली आणि पडद्यापुढच्या अरुंद ओट्यावर चढून लोकांकडं तोंड करून उभी राहिली. मशीनचा प्रकाश तिच्या केसांवर पडला. लोक ओरडले, "ए, खाली बस." तिनं मान वळवून वर पाहिलं, पडद्यावरचे आपलेच ओठ पाहिले, आणि ते हलले तशी बोलली. तंबूत माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज तो. थिएटरच्या कर्ण्यांतून येणारा बारीक आवाज त्याखाली दबून गेला.

"हौद? कुठाय हौद? घागर तरी घेऊ द्या."

ओठ आणि शब्द बरोबर जुळले, कारण ते तिचेच होते. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. भीमसेन दुसऱ्या बाजूला बायकोपोरांसह बसला होता. तोही उठून आला, ओट्यावर चढला आणि म्हणाला, "अंबक्का, मलाही माझं बोलू दे." वर त्याचा आवाज चालूच होता, पण खाली तो स्वतः पुन्हा बोलू लागला. आता हशा मागपर्यंत गेला.

थिएटरचे व्यवस्थापक श्रीनिवासराव धावत मशीनच्या खोलीत गेले. लोकांना वाटलं दिवे लागणार, दोघांना हाकलणार. त्यांनी ऑपरेटरला आवाज बंद करायला सांगितलं. पुढं कुणी विचारलं की म्हणत, "तो तुकडा मद्रासहून आल्यावर मी एकटा बसून पाहिला होता आणि मला रडू आलं होतं. त्या दिवशी लोक हसत होते. मी दुसरं काय करणार?"

तुकडा संपला तेव्हा ओट्यावर दोघांकडं केळं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पिशवीतून काढून दिलं.

सत्यनारायण दोन दिवसांनी आला. श्रीनिवासरावांच्या खोलीत अंबूताई आणि भीमसेन आधीच बसले होते.

"अम्मा, तुम्ही माझ्या चित्रात गोंधळ घातलात," तो म्हणाला.

"चित्र तुमचं. तोंड माझं," अंबूताई म्हणाली. "जसंच्या तसं घेतो म्हणाला होतात."

त्याला ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण तो तिच्याकडं न बघता बोलत राहिला. वितरकांनी तुकडा पाहिला आणि म्हणाले, कन्नड चित्रात ही बाई मराठी बोलते, कानाला बरं वाटत नाही, दुसरा आवाज घाला. त्याचं सगळं त्यांच्यावर अवलंबून होतं.

"मी कन्नडच बोलते," अंबूताई म्हणाली. "आमच्या घरची माणसं बोलतात तसं बोलते. पिढ्यान् पिढ्या या गावात बोलतोय. तुमच्या वितरकांचे सदरे आम्हीच शिवत असू, त्यांच्या बायकांची लुगडी आमचे भावसार रंगवत असतील. आम्ही पडद्यावर तेवढे नकोत, अल्ला, असंच ना?"

"त्या दुसऱ्या बाई फार छान बोलतात."

"बोलतात खऱ्या. मग त्यांनाच उभ्या करा, त्यांचंच तोंड दाखवा. माझ्या तोंडात त्यांची जीभ कशाला?"

श्रीनिवासराव मध्ये पडले. मूळ आवाज पुन्हा घालता येईल का, त्यांनी विचारलं. सत्यनारायण म्हणाला, ती पट्टी आता राहिलेली नाही. मग श्रीनिवासराव म्हणाले, तुकडा आवाज बंद करून दाखवू, ही दोघं खाली उभी राहून बोलतील. शहरात आताच सगळीकडं तेच बोलणं आहे, लोक त्यासाठीच विचारत येतायत.

"बाहेर फळ्यावर माझं नाव लिहा," अंबूताई म्हणाली. "मंडळी लिहायचं नाही. आणि याचं नाव आधी असलं तरी चालेल, मला राग नाही."

सत्यनारायण उठला. "आवाज नसलेला बोलपट मी दाखवू? लोक मला हसतील."

"हसवायलाच काढला होता ना?" भीमसेननं विचारलं.

सत्यनारायणला ते लागलं. जाताना दारात थांबून तो अंबूताईला म्हणाला, "यापुढं तुम्हाला कुणी कॅमेऱ्यासमोर उभं करणार नाही."

"बरं. लोकांसमोर उभं राहायला मला कुणाला विचारावं लागत नाही."

तो आठवडा संपेपर्यंत तुकडा थिएटरातच होता, आणि श्रीनिवासरावांनी आवाज बंद ठेवून तो दाखवला. फळ्यावर दोन्ही नावं होती. रोज दुपारी गर्दी होई. मराठी न येणारे शेजारच्याला विचारत, "बाळ म्हणजे काय?" आणि कळलं की उशिरा हसत, त्यामुळं एकेका वाक्याला दोन-दोनदा हशा पडे. आमच्या समाजातले, देवळात तिच्यापासून सरकून बसलेलेही, येऊन गेले. येसाजीराव आले नाहीत. मग सत्यनारायणचा माणूस आला आणि रीळ घेऊन गेला. बाकीच्या गावांत तो तुकडा त्या गोड आवाजासकटच दाखवला गेला असं म्हणतात. अंबूताईनं तो पुन्हा पाहिला नाही.

सत्यनारायण बोलला ते मात्र खरं ठरलं. तिला कुणी बोलावलं नाही. भीमसेनला बोलावलं. मद्रासला जोडीचेच तुकडे काढायचे होते, दुसऱ्या नटीबरोबर. तो विचारायला आला तेव्हा अंबूताई शिवणाच्या मशीनवर होती.

"जाऊ का, अंबक्का?"

"मला काय विचारतोस? पोरं तुझी आहेत, त्यांना शाळेत घालायचंय. जा."

तो गेला, आणि एकच तुकडा करून परत आला. काय झालं म्हणून सगळ्यांनी विचारलं. तो म्हणाला, "तिथं मी केळु म्हटलं की ती बाई खरंच ऐकते."

अंबूताई त्यावर किती हसली ते आजोबा शेवटपर्यंत सांगत.

पुढं नाटक कंपनी मोडली. लोक सिनेमाला जाऊ लागले होते. दोघांनी कंपनीची वाट पाहिली नाही. एक बाज, एक दाराची चौकट एवढं सामान बसच्या टपावर टाकून ती गावोगाव हिंडली. म्हैसूरजवळच्या वरुणेकडच्या गावांत ऊसतोड संपली की जत्रा भरत, तिथं जायची. लग्नात, शाळेच्या अंगणात, गिरणी कामगारांच्या मेळाव्यात. एका गावात कार्यक्रम ठरवणारा पुढारी म्हणाला, बाईंनी शुद्ध भाषेत बोलावं, मुलं ऐकतायत. अंबूताई स्टेजवर गेली आणि लोकांनाच विचारलं, "यजमान म्हणतात मी नीट बोलावं. तुमच्या घरी नीट कोण बोलतं? हात वर करा." एकच हात वर आला, तो पुढाऱ्याचा. त्याच्या बायकोनं शेजारून तो खाली ओढला.

मी कळती झाले तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली होती. दिवसा आमच्या दुकानात काजं करायची, संध्याकाळी कार्यक्रम असला की जायची. आम्हा मुलींना मराठी नीट येत नव्हतं, आम्ही अर्धं वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवायचो. आई रागवायची. अंबूताई म्हणायची, "बोलू दे. माझं पोट त्याच्यावर भरलंय."

भीमसेन गेला तो साठीच्या आसपास, छातीच्या दुखण्यानं. नट मंडळींनी सभा घेतली. एकामागून एक वक्ते उठून सांगू लागले की तो कलेचा उपासक होता, थोर आत्मा होता. अंबूताई शेवटी उठली. "मी या माणसाबरोबर आयुष्य काढलं," ती म्हणाली. "थोर आत्मा मला एकदाही भेटला नाही. भेटला तो बसमध्ये आडवा झोपून माझी जागा अडवणारा." मग तिनं भीमसेन एकदा टपावरून सामान उतरवताना दाराच्या चौकटीत मान अडकवून बसला तो प्रसंग सगळा करून दाखवला, त्याच्या चालीत, त्याच्या आवाजात. काही जण नाराज होऊन उठून गेले. भीमसेनची बायको पहिल्या रांगेत होती. ती तोंडाला पदर लावून हसली, मग मोकळी रडली, आणि सभेनंतर तिनं अंबूताईला सोडलंच नाही, घरी जेवायला नेलं.

सगळ्यांना वाटलं आता अंबूताई थांबेल. जोडी एकाची नसते. पुढच्या हंगामात वरुणेजवळच्या एका गावानं बोलावलं तर ती एकटी गेली. एकटीनंच काहीबाही करत होती, पण जमत नव्हतं, ते तिलाही कळत होतं. तेवढ्यात गर्दीतून एका बाईनं ठसक्यात ओरडून सांगितलं, "अम्मा, घर चालवायला दोघं लागतात. एकटी काय भांडतेस?"

लोक हसले. ती बाई कमलाक्षी. दोन म्हशी होत्या तिच्या, डेअरीत दूध घालून ती रिकामी बरणी काखेत घेऊन उभी होती.

अंबूताईनं डोळ्यांवर हात धरून गर्दीत पाहिलं. "तू ये मग वर. नवरा हो माझा."

"मी?" कमलाक्षी म्हणाली. "माझं तोंड चालतं धड, पण माझ्या नवऱ्याला विचारावं लागेल."

"विचार. तो हो म्हणाला तर ये, नाही म्हणाला तरी ये."

नवरा तिथंच बिडी ओढत उभा होता. तो काही बोलायच्या आत कमलाक्षीनं बरणी त्याच्या हातात दिली आणि पदर कमरेला खोचून स्टेजवर चढली. तिला मराठीतलं अक्षर येत नव्हतं, अंबूताई काय म्हणते ते तिला खरोखरच कळत नव्हतं, आणि ती खऱ्याच रागानं भांडली. बायका पोटं धरून हसत होत्या. पुढची सात-आठ वर्षं त्या दोघी त्या भागात फिरल्या. दोन बायकांची जोडी, एक नवरा झालेली, तेही मिशा न लावता. कुणी विचारलं मिशा का नाहीत, तर कमलाक्षी म्हणे, "ज्यांना आहेत त्यांनी काय उजेड पाडलाय?"

शेवटी शेवटी अंबूताई माझ्या वडिलांबरोबर बोगादीला नव्या घरात राहत होती. गुडघे गेले होते, स्टेजवर चढता येत नव्हतं. कमलाक्षी दूध घालायला म्हणून दर आठवड्याला बसनं यायची, एवढ्या लांब कुणी दूध घालायला येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. दोघी ओट्यावर बसून मोठमोठ्यानं भांडायच्या. शेजारचे नवे लोक सुरुवातीला घाबरून गच्चीवर यायचे. मग खुर्च्या घेऊन यायला लागले.